पडद्याचा फोटो निघाला, पुढे काय?

मधुमेही माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून त्यावरून आजार ओळखणारी संगणकप्रणाली ग्रामीण रुग्णालयांत बसवावी की बसवू नये, यावर सध्या खानदेशात हिरिरीने बोलले जाते. जळगावातल्या अशाच एका चर्चेला मी श्रोता म्हणून गेलो होतो. एका बाजूने सांगण्यात आले की यंत्र सत्त्याण्णव टक्के अचूक आहे, डॉक्टर थकतो आणि यंत्र थकत नाही, तेव्हा आता थांबायचे कशासाठी? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की डोळा ही माणसाने तपासण्याची गोष्ट आहे, आणि शहरातल्या श्रीमंताला डॉक्टर व खेड्यातल्या गरिबाला यंत्र ही कुठली समता? दोन्हीकडची माणसे विद्वान होती, तळमळीने बोलत होती. पण ज्याच्या फोटोत दोष निघाला तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जातो, हा प्रश्न दोन तासांत कोणीही विचारला नाही. मी डॉक्टर नाही; आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. त्यामुळे चर्चेत आकडे ज्या सैलपणाने फेकले जात होते, त्याने मी जरा अधिकच अस्वस्थ झालो असेन.

माझे मत आधीच सांगतो. यंत्र यावे, आणि लवकर यावे. मात्र त्याने फोटो किती बरोबर वाचले एवढ्यावरच त्याचे मूल्यमापन करणे म्हणजे दोराच्या लांबीवरून विहिरीची परीक्षा करण्यासारखे आहे. ज्या हजार माणसांपुढे कॅमेरा धरला, त्यांच्यापैकी ज्यांना लेझरची किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनची खरोखर गरज होती, त्यांतले किती जण वेळेत त्या टेबलापर्यंत पोचले, हा आकडा मुख्य. तो जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या माणसांवरच, आणि यंत्र विकणाऱ्याशी काडीचाही संबंध नसलेल्या कोणीतरी मोजला पाहिजे.

‘सत्त्याण्णव टक्के अचूक’ हे शब्द ऐकायला छान वाटतात, पण त्यांत अर्थ जवळपास नाही. चाळिशीपुढच्या मधुमेह्यांची ‘स्मार्ट इंडिया’ ही देशव्यापी पाहणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. तीत १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा आढळल्या आणि ४ टक्के लोकांची दृष्टी धोक्यात असल्याचे दिसले. आता असे एक यंत्र कल्पा, ज्यात भिंगसुद्धा नाही. समोर येईल त्याला ते ‘डोळा ठीक’ अशी चिठ्ठी देते. दृष्टी धोक्यात आहे की नाही हे सांगण्यात हा रिकामा डबा ९६ टक्के अचूक ठरेल! म्हणूनच या विषयात दोन आकडे वेगवेगळे मागावे लागतात. आजारी डोळ्यांपैकी किती पकडले, ती संवेदनशीलता. आणि निरोगी डोळ्यांपैकी किती योग्य रीतीने सोडून दिले, ती विशिष्टता. चर्चेतला सत्त्याण्णवचा आकडा बहुधा गूगलच्या संशोधकांच्या २०१६ च्या गाजलेल्या निबंधातून आला असावा. त्या प्रणालीला १,२८,१७५ फोटोंवर शिकवले होते. पण त्याच निबंधात, त्याच प्रणालीचे, त्याच फोटोंवरचे दोन निकाल दिलेले आहेत. किती संशय आला की ‘आजारी’ म्हणायचे, तो उंबरठा खाली ठेवला तेव्हा संवेदनशीलता ९७.५ आणि विशिष्टता ९३.४ टक्के आली, तर उंबरठा वर नेला तेव्हा तेच आकडे ९०.३ आणि ९८.१ झाले. उंबरठा कुठे ठेवायचा हे यंत्र ठरवत नाही. एक आजारी डोळा निसटण्याची किंमत किती आणि एका निरोगी माणसाला मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी पाठवण्याची किंमत किती, हा हिशेब आहे, आणि तो सार्वजनिक आहे. मग तो एखाद्या कंपनीच्या कार्यालयात ठरावा की जिल्हा आरोग्य यंत्रणेच्या बैठकीत?

यंत्राच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी मोकळेपणाने मान्य करतो. तुलना उत्तम डॉक्टरशी करायची नाही, कारण आज त्या डोळ्यांकडे कोणीच पाहत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. या आजारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि पडद्याच्या मध्यबिंदूला सूज येईपर्यंत किंवा नव्या कच्च्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत नजरही चांगली राहते. माणसाला कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आणि हा उशीर निरुपायाचा नाही, ही चीड आणणारी गोष्ट आहे. लेझरने गंभीर दृष्टिनाश निम्म्याने टळतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ सालीच दाखवले. म्हणजे पन्नास वर्षे उपाय हाताशी आहे आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला मात्र त्यासाठी सातपुडा उतरून नंदुरबार, नाहीतर धुळे किंवा थेट नाशिक गाठावे लागते. जे म्हणतात की यंत्र निर्दोष होईपर्यंत थांबा, त्यांनी तोवर धडगावात बाहुलीत कोण डोकावणार हेही सांगावे. शिवाय माणूसही निर्दोष नाही. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय या दोन ठिकाणी ३,०४९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांची संवेदनशीलता ७३.४ पासून ८९.८ टक्क्यांपर्यंत हेलकावत होती, आणि यंत्र दोन्ही ठिकाणी ८९ ते ९२ टक्क्यांच्या आसपास राहिले. ‘गरिबाला यंत्र कशाला’ या आक्षेपामागची भावना मी समजतो, पण फोटो वाचण्यापुरता तो टिकत नाही.

परंतु ‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे’ हे वाक्य तपासणीच्या बाबतीत अर्धेच खरे आहे. औषध नसताना अर्धी गोळी मिळाली तर अर्धा गुण तरी येतो. चुकीच्या ‘ठीक’ चिठ्ठीचे तसे नसते. ती माणसाला असलेल्या शंकेपासूनही मुक्त करते आणि तो पुढची दोन वर्षे दवाखान्याची पायरी चढत नाही. बरोबर चिठ्ठीसुद्धा कशी वाया जाते, ते मी घरातच पाहिले आहे. माझी मावशी अमळनेर तालुक्यात राहते, बारा वर्षांची शुगर. जानेवारीत गावातल्या शाळेत एका संस्थेने शिबिर भरवले. वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता, तरी दर दोन मिनिटांनी कोणीतरी दार उघडे आणि उन्हाचा पट्टा थेट कॅमेऱ्यावर पडे. मावशीने पदर सावरत हनुवटी टेकवली, मुलाने “मावशी, हिरव्या दिव्याकडे पाहा, पापणी हलवू नका” असे तीनदा सांगितले, तिसऱ्यांदा फोटो निघाला. यंत्राने आपले काम चोख केले. चिठ्ठीवर ‘रेफर’ हा एकच शब्द छापून आला, तोही इंग्रजीत. कुठे जायचे, किती दिवसांत जायचे, खर्च कोणत्या योजनेतून होईल, यांपैकी काही नाही. मावशीने ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या डब्यात नीट ठेवली. मी विचारले तेव्हा म्हणाली, “माले ते दिसस, मंग कसाले?” तिचे चुकले असे मला अजूनही म्हणवत नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी आम्ही सगळे जमलो, त्या सकाळी तिच्या उजव्या डोळ्यापुढे काळे जाळे उतरले.

यावर मला असे उत्तर मिळते की मूल्यमापन तर झालेलेच आहे, तेही भारतीयांवर. मदुराई-चेन्नईचा अभ्यास आहे, शिवाय मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंवर इंटरनेटशिवाय चालणाऱ्या प्रणालीने पुढे पाठवण्याजोगे सगळे रुग्ण पकडले होते. मग जळगावात पुन्हा तेच कशासाठी? मुद्दा वजनदार आहे, आणि मुंबईच्या त्या कामाविषयी मला आदर आहे. पण ते सुमारे सव्वादोनशे माणसांवरचे होते. यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी नेले की काय होते, याची उदाहरणे त्याहून बोलकी आहेत. थायलंडमध्ये २०१८-१९ साली ११ दवाखान्यांत गूगलची प्रणाली बसवली, तेव्हा तपासलेल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के ‘दर्जा अपुरा’ म्हणून परत आले. खोल्यांत अंधार नव्हता, इंटरनेट रेंगाळत होते, आणि अशा प्रत्येक रुग्णाला मोठ्या दवाखान्यात जायला सांगावे लागल्याने परिचारिकाच कंटाळल्या. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या तीन लाखांहून अधिक फोटोंवर सात प्रणालींची एकत्र परीक्षा झाली. २०२१ साली निकाल आला तेव्हा संवेदनशीलता ५१ पासून ८६ टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. सगळ्यांत मासलेवाईक प्रकार इंग्लंडमधला. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय तपासणीसाठी विकसित झालेली एक प्रणाली इंग्लंडमधल्या वीस हजार रुग्णांच्या फोटोंवर चालवली, तर तिने एकूण एक रुग्णाला ‘आजारी’ किंवा ‘वाचता येत नाही’ यांपैकी एका खात्यात टाकले. स्कॉटलंडमध्ये पडद्याच्या मध्यबिंदूवर रोखलेला एकच फोटो काढत. इंग्लंडमध्ये दुसरा फोटो, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून निघते त्या चकतीवर रोखून काढत, आणि तो तिला पचला नाही. कागदावर त्या परीक्षेत तिची संवेदनशीलता १०० टक्के आहे. कॅमेरा कुठे रोखला एवढ्या फरकाने असे होत असेल, तर इथल्या पिकलेल्या मोतिबिंदूंनी, थेंब न घालता काढलेल्या बारीक बाहुलीच्या फोटोंनी आणि भारनियमनाने काय होईल, हे मदुराईहून कसे सांगता येईल?

नंदुरबारपुरता आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मला चर्चेत ऐकायला मिळाला नाही. तिथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी फसवू शकते. म्हणजे कॅमेऱ्यापुढे कोणाला बसवायचे इथपासूनच घोळ. त्यातून सिकलसेलमुळेही पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण पडद्याच्या कडेला, आणि नेहमीचा कॅमेरा टिपतो मधला ४५ अंशांचा भाग. ज्या यंत्राला हा आजार शिकवलेलाच नाही, ते अशा डोळ्याला ‘ठीक’ म्हणेल, आणि त्याच्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे ते बरोबरही असेल.

आता थोडे साधे गणित. हजार मधुमेही घ्या. त्यांत ४० जणांची दृष्टी धोक्यात आहे. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९० टक्के धरू. यंत्र ३६ जणांना पकडेल, चौघे निसटतील, आणि ९६० निरोगी माणसांपैकी ९६ जणांना उगाच धास्ती लागेल. म्हणजे पाठवलेल्या १३२ जणांत खरे गरजू चारांत एक. इथवर ठीक आहे. चाळणी म्हटल्यावर थोडे खडे येणारच. पण थायलंडप्रमाणे पाचवा हिस्सा फोटो वाचताच आले नाहीत तर ते २०० जणही पुढे पाठवावे लागतील, आणि एकूण आकडा तीनशेच्या वर जाईल. न वाचता येणाऱ्या फोटोंत म्हातारी, मोतिबिंदू झालेली, जुनी शुगर असलेली माणसे जास्त असतात. म्हणजे आजार तिथेच दाटलेला. या दोनशेंना हिशेबातून वगळले की यंत्राचे प्रगतिपुस्तक सुंदर दिसते. जाहिरातीतला आकडा त्यांना धरून आहे की वगळून, हे विचारणारा माणूस खरेदी समितीत हवा. आणि जिल्ह्याच्या गावी लेझरचे यंत्र व ते चालवणारा रेटिनातज्ज्ञ, म्हणजे पडद्याचा डॉक्टर, आठवड्यातून दोनच दिवस असेल, तर हजारामागे तीनशेंची ही रांग खऱ्या ३६ जणांनाच मागे ढकलणार नाही का?

यंत्राच्या मदतीने निदान सुधारेल हे गृहीत धरून खरेदी आधी आणि परीक्षा नंतर, असा प्रकार वैद्यकात एकदा होऊन गेला आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफीच्या फोटोवर संशयित जागा दाखवणाऱ्या संगणकाला अमेरिकेत १९९८ साली परवानगी मिळाली, २००२ साली सरकारी विम्याने त्याचा मोबदला वाढवला, आणि बघता बघता ते देशभर पसरले. २००७ साली ४३ केंद्रांचा अभ्यास आला, तेव्हा दिसले की त्याने विशिष्टता ९०.२ वरून ८७.२ टक्क्यांवर आली आणि सुई टोचून तुकडा काढण्याचे प्रमाण जवळपास पाचव्या हिश्शाने वाढले. २०१५ साली तीन लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींनी सांगितले की फायदा काहीच नाही. सतरा वर्षे! परवानगीसाठी केलेल्या चाचण्या खोट्या नव्हत्या. त्या दवाखान्यातल्या रोजच्या धबडग्यात केलेल्या नव्हत्या, इतकेच. आजच्या प्रणाली त्या जुन्या संगणकापेक्षा कितीतरी शहाण्या आहेत हे खरे, पण शहाणपणाचा पुरावा दुसऱ्या कोणाच्या दवाखान्यातून उसना आणण्याची सवय तीच आहे.

आपल्याकडेही मोतिबिंदूच्या मोहिमेत कितीतरी वर्षे शस्त्रक्रियांचाच आकडा मिरवला गेला. माझे आजोबा त्या शिबिरांच्या काळातले. जाड भिंगांचा चष्मा त्यांनी दोऱ्याने कानाला बांधलेला असे आणि तरीही ते दारातून येणाऱ्याला आवाजावरून ओळखत. सरकारी तक्त्यात ते यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक होते.

याउलट इंग्लंडने काय केले ते पाहावे. २००३ पासून तिथे देशव्यापी तपासणी उभी राहिली. फोटो माणसेच वाचत होती. प्रत्येक मधुमेह्याचे नाव नोंदवहीत, दर वर्षी तपासणीला बोलावणे, आला नाही तर पुन्हा बोलावणे, दोष निघाला तर ठरलेल्या आठवड्यांत तज्ज्ञाची भेट, आणि या प्रत्येक पायरीचा जाहीर हिशेब. २००९-१० च्या नोंदी तपासल्यावर दिसले की इंग्लंड आणि वेल्समध्ये कमावत्या वयातल्या अंधत्वाच्या कारणांत मधुमेह किमान पाच दशकांनंतर प्रथमच पहिल्या क्रमांकावरून खाली उतरला होता. हे वहीने केले. स्कॉटलंडने यंत्र आणले तेही या वहीच्या आत, आणि काम दिले पहिल्या चाळणीचे. दोष नसलेले फोटो बाजूला काढायचे, बाकीचे माणसाने पाहायचे. आपण कॅमेरा आधी आणतो आहोत आणि वहीचे नाव कोणी काढत नाही.

मूल्यमापनात वेळ आणि पैसा जाईल, तोवर डोळे जातील, हा शेवटचा आक्षेप. तो खरा ठरेल, जर मूल्यमापन म्हणजे आधी तीन वर्षांचा अभ्यास आणि मग यंत्र, असे कोणी म्हणत असेल तर. मी तसे म्हणत नाही. यंत्र उद्या बसवावे, आणि मोजणी त्याच दिवशी सुरू करावी. यंत्राने ‘ठीक’ म्हटलेल्या फोटोंपैकी दर विसावा फोटो चिठ्ठ्या टाकून निवडावा आणि यंत्राचे उत्तर न सांगता रेटिनातज्ज्ञाकडून वाचून घ्यावा. हे फार महत्त्वाचे आहे, कारण आज फक्त ‘रेफर’ झालेल्यांनाच तज्ज्ञ पाहतो. निसटलेले कोणाच्याही नजरेस पडत नाहीत, आणि जे कधी मोजलेच नाही त्याची टक्केवारी येणार कुठून? न वाचता आलेला प्रत्येक फोटो अपयश म्हणून मोजावा. कंपनीने प्रणालीची आवृत्ती बदलली की परीक्षा पुन्हा व्हावी. पैसे फोटोमागे न देता त्यांतला काही भाग तरी तज्ज्ञापर्यंत पोचलेल्या माणसामागे द्यावा, म्हणजे चिठ्ठी मराठीत छापण्याची आणि आशाताईंकरवी निरोप धाडण्याची बुद्धी आपोआप सुचेल. आणि फोटोंच्या मालकीचे करारात स्पष्ट लिहावे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात खानदेशचा कापूस गाठी बांधून परदेशी जाई आणि त्याचे कापड होऊन आपल्याच बाजारात चढ्या भावाने परत येई. डोळ्यांच्या फोटोंचे तसेच होऊ द्यायचे असेल तर निदान माहीत असून होऊ द्यावे.

मावशीच्या डोळ्यात धुळ्याला इंजेक्शन झाले, नंतर लेझर झाले. उजव्या डोळ्याने तिला आता माणसांच्या आकृती दिसतात, डाव्याने अजून ती तांदूळ निवडते. मध्यंतरी त्या शिबिराची वही पाहण्याचा योग आला. फोटोची तारीख, दोन्ही डोळ्यांचे निकाल, यंत्राचा क्रमांक, सगळे टापटीप लिहिलेले होते. शेवटच्या रकान्यात तिच्या नावापुढे ‘तपासणी पूर्ण’ असे लिहून खाली सही केलेली होती. त्याच्या पुढे रकानाच नव्हता.